उराउरी

व्याह्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, तेव्हा बागिला न्हाणीघराचं दार आतून लावून पट्टी बदलत होती.

"झालं का गं?" मोठी जाऊ कलमकास दारावर बोटं वाजवत म्हणाली. "तिकडे तेलात बाउरसाकाचे पिठाचे गोळे करपायला लागलेत, नि ही आपली नटतेय."

"आत ये. मागचं चिकटवायला हात पोचत नाही."

जाऊ आत आली. डाव्या स्तनाखालचे टाके उकलले होते. भोवतालची कातडी लाल, ताणलेली, हात लावावा तर भाजेल अशी. काल डॉक्टर म्हणाला होता, आतलं सिलिकॉन काढावंच लागेल, जंतू रक्तात गेले तर माझ्या हातात काही राहणार नाही, आजच्या आज दाखल व्हा. बागिला म्हणाली होती, पाहुणे येऊन जाऊ देत.

"वेडी आहेस," जाड गॉज दाबत जाऊ म्हणाली. "गेला होता तर गेला होता. कापूस भरून भेटली असतीस. तुझ्या झग्यात कोण हात घालणार होतं?"

"हात नाही. उराला ऊर लागतं ना."

विहिणी उराउरी भेटतात. नुसता हात पुढे केला, तर मनात काहीतरी आहे असं होतं. आणि कापूस दाबला की दबतो. आईचा स्तन कर्करोगात गेला, हे लेकीच्या, मोल्दिरच्या होणाऱ्या सासूला कळलं तर तिच्या मनात काय येईल? आईला झालं ते लेकीला होणार, लेकीच्या लेकींना होणार. सोयरीक पक्की करायला आणलेले कानातले डूल डबीतच परत जातील. म्हणून हिवाळ्यात बागिला पुन्हा एकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन झोपली होती. या एका मिठीसाठी.

दारात कलमकासने पाहुण्यांच्या डोक्यांवरून मूठभर गोळ्या-चॉकलेटं उधळली. शेजारणी वेचायला वाकल्या, हशा झाला. होणारी सासू नुरिला पुढे आली. उंच, रुंद खांद्यांची, फिक्या आभाळी रेशमी झग्यातली.

"विहीणबाई!"

बागिलाने उजवा खांदा पुढे करून पाहिला. पण नुरिला अर्धंमुर्धं भेटणाऱ्यांतली नव्हती. तिने बागिलाला पुरतं ओढून घेतलं, घट्ट धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. आत काहीतरी उसवलं. कोमट ओल पट्टीबाहेर पसरत गेली. बागिलाने ओठ मिटून घेतले.

सुटल्या तेव्हा नुरिलाच्या झग्यावर तळहाताएवढा डाग होता.

नुरिलाने खाली पाहिलं. मग बागिलाकडे पाहिलं.

"अगंबाई, हे काय सांडलं?" पाहुण्यांतली एकजण म्हणाली.

"चहा," नुरिला म्हणाली. "गाडीतल्या त्या थर्मासचं झाकण मेलं कधी नीट बसतच नाही. तुम्ही बसा आत. मला जरा पाणी दाखवा, विहीणबाई."

न्हाणीघरात तिने नळाला हातही लावला नाही. बागिलाच्या मानेला उलटा हात लावून पाहिला.

"अंग भाजतंय. कधीपासून?"

"मुलीत काही नाही," बागिला घाईघाईने म्हणाली. "तिची तपासणी केलीय. माझ्या दुधाची शपथ, तिच्यात काही..."

"मी मुलीचं विचारलं का?"

बागिला टबाच्या काठावर बसली. उभं राहणं आता जमत नव्हतं. खोटं बोलणंही.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"काढायचं म्हणतो. कालच ये म्हणाला."

"मग?"

"तुम्ही येणार होतात. सपाट छातीने कशी भेटू तुम्हाला?"

नुरिलाने पर्स उघडली, आतली डबी उघडून डुलांकडे पाहिलं, डबी मिटली आणि बाहेर गेली.

संपलं, बागिलाला वाटलं. आणि त्या वाटण्यात इतका विसावा होता की तिला रडूही आलं नाही. ती भिंतीला धरत धरत मागून गेली.

मोठ्या खोलीत नुरिला मानाच्या जागी बसलीच नव्हती. "मुलीला बोलवा," ती म्हणत होती.

"अहो, आधी चहा, मग मांस, मग डूल," कलमकास म्हणाली. "सगळं उलटं कसं करता?"

"मला धीर नाही. म्हातारी झाले."

मोल्दिर आली. नुरिलाने तिच्या एका कानात डूल घातला, मग दुसऱ्यात. कपाळाचं चुंबन घेतलं. बायकांनी आशीर्वाद दिले. तो गलबला ओसरायच्या आत नुरिला नवऱ्याकडे वळली.

"उठा. गाडी काढा."

"आत्ता?" नवऱ्याच्या हातात चहाचा वाडगा तसाच राहिला. "अगं, मांस..."

"मांस उकळू दे. विहीण आता माझी आहे, मी तिला दवाखान्यात नेतेय. आम्हाला उशीर झाला तर खाऊन घ्या सगळे."

मागच्या सीटवर नुरिलाने बागिलाला पट्टा लावला. रुतू नये म्हणून पट्ट्याखाली स्वतःचा हात घातला, आणि खड्ड्याखड्ड्यांतून तो तसाच धरून ठेवला.

गाव मागे पडलं.

"आज काढून टाकतील," बागिला म्हणाली. "पुढच्या भेटीला तिथे काही नसेल."

"बरं झालं," नुरिला खिडकीबाहेर बघत म्हणाली. "जरा आणखी जवळ येता येईल."