रविवारच्या काठ्या

दुकानदाराने काउंटरवर ड्रमच्या काठ्यांच्या दोन जोड्या ठेवल्या. "इलेक्ट्रॉनिक सेट ना? मग ही हलकी, नायलॉनच्या टोकाची घ्या. लाकडी टोकाचा टवका उडाला, की पॅडची जाळी फाटते."

लेकीला घेऊन आलेल्या बाबाने मुद्दाम जाड, लाकडी टोकाची जोडी उचलली.

फाटू दे! तो सेट लेकीला नचिकेतने दिला होता, तिच्या आईच्या नव्या नवऱ्याने. सकाळपासून पोरीचं एकच पालुपद चाललं होतं. "बाबा, नचिकेतकाकांनी हेडफोनसुद्धा आणलेत. बाबा, नचिकेतकाका रोज माझ्याबरोबर बसतात." ऐकून ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पोरीला मांडीवर बसवून ताशा शिकवला तो याने, आणि याच्या वाट्याला उरले होते रविवारचे चार तास आणि या काठ्या.

लेकीने काठ्या घेतल्या, हवेत फिरवल्या आणि पाठीवरच्या सॅकमध्ये खोचल्या.

"अगं, सेटजवळ ठेवायच्या ना?"

"छे! सेट काकांच्या घरी आहे, तो तिथून हलणार नाही. काठ्या मात्र माझ्याबरोबर राहणार. शाळेत बाकावर वाजवीन, तुझ्याकडे आले की उशीवर वाजवीन. तू शिकवशील ना अजून?"

मग त्याने सॅकमधली जाड जोडी काढून दुकानदारापुढे सरकवली आणि हलक्या काठ्या काचेवर एकेक करून घरंगळवत, डोळा बारीक करून पाहिल्या. दोन्ही सरळ होत्या.

"हीच द्या," तो म्हणाला. "त्या जड काठ्यांनी पोरीचं मनगट दुखेल."

जाळीबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही.