बाहुलीचे जुलाब

प्रशिक्षक साहेबांनी टेबलावरच्या रबरी बाहुलीला जुलाब लागल्याचं जाहीर केलं आणि मीठसाखरेचं पाणी तिला चमच्याचमच्याने पाजायला घेतलं. पहिल्या रांगेतली आई म्हणाली, "साहेब, माझ्या बाळाला खरोखरचे लागलेत, सकाळपासून सातदा. डोळे खोल गेलेत." "शंका शेवटी विचारायच्या, ताई." साहेबांनी बाहुलीची हनुवटी रुमालाने हळुवार टिपली. "लघवी झाली की समजायचं, पाणी पोचलं." आईने बाहुलीपुढचं पातेलं आणि चमचा उचलला. "अहो, ते प्रात्यक्षिकाचं पाणी आहे." "मग प्रात्यक्षिकच करतेय." पुढचे दोन तास साहेब तक्ते दाखवत राहिले आणि ती बाळाला चमच्याने पाजत राहिली. समारोपाला "आमच्या प्रशिक्षणाचं यश" म्हणून साहेबांनी फोटोसाठी बाळाला कडेवर घेतलं. बाळाने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर निवांत धार सोडली. "पोचलं, साहेब," आई पोर काढून घेत म्हणाली. "आता बाहुलीचं बघा."