मिस्त्री नको म्हणाले

"नको," जीपखालून मिस्त्रींचा आवाज आला. मागोमाग मिस्त्री स्वतः सरपटत बाहेर आले. "चेसीला वेल्डिंग आहे, वरून रंग फासलाय. ही कुठंतरी सणसणीत आपटलेली आहे."

विकणाऱ्याचा चेहरा पडला. साहेबांचाही पडला. वहिनींचाही पडायला हवा होता, पण तो काही केल्या पडेना, म्हणून त्यांनी रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

साहेब म्हणजे वहिनींचे यजमान. मिस्त्री त्यांना साहेब म्हणायचे, यांना वहिनी. साहेबांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, आणि ते काम म्हणजे रस्ता संपला की तिथून पुढं जायचं. त्यामुळे जीप हा त्यांचा जीव की प्राण. निवृत्तीनंतर एका उतारावर तीच जीप उलटली. जीप भंगारात गेली आणि साहेब दवाखान्यात. पायात सळई बसली, बरगड्या मोडल्या. त्यांचा उतरलेला चेहरा बघवेना, तेव्हा वहिनी बोलून गेल्या, "लवकर बरे व्हा हो. आपण दुसरी घेऊ. जीपशिवाय मला तरी कुठं करमणार आहे?"

झालं! घरी आल्यापासून साहेबांना दुसरा विषय नाही. चहाच्या कपाबरोबर जुन्या गाड्यांच्या जाहिराती, आणि जाहिरातींबरोबर मतं.

"नवी गाडी घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की जुनीच."

"बरं."

"एकाच मालकानं वापरलेली बघावी. फोर बाय फोर हवी, पण मालकानं कधी चिखलात घातलेली नको."

"म्हणजे पोहणारा हवा, पण कोरडा!" वहिनी म्हणायच्या. साहेब खो खो हसायचे. हा माणूस पुन्हा डोंगर चढणार, आणि या वेळी दवाखान्यापर्यंतही पोचणार नाही, हे वहिनींना मात्र उघड्या डोळ्यांनी दिसायचं.

शेवटी त्यांनी मिस्त्रींचं गॅरेज गाठलं. "भाऊ, ते तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत. कुठलीही गाडी दाखवायला नेली तरी तुम्ही नकोच म्हणा. माझ्यासाठी एवढं करा."

मिस्त्रींनी हातातला पाना बाजूला ठेवून त्यांच्याकडे नीट बघितलं. "बरं वहिनी," ते म्हणाले. "तुम्हीही म्हणताय, तर तसं."

तेव्हापासून दर सुट्टीला तिघं जीप बघायला जात. चालवून बघायचं काम मिस्त्रींचं. साहेब मागच्या सीटवर, वरची कडी घट्ट धरून. "मागून इंजिनाचा आवाज नीट कळतो," असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री कधी धुरात खोट काढायचे, कधी क्लचमध्ये, कधी मीटर मागं फिरवल्याचं सांगायचे. साहेब एका शब्दानं वाद घालायचे नाहीत. घरी आल्यावर मात्र दोन घास जास्तच जेवायचे. बिचारे दुःख गिळतायत, असं वहिनींना वाटायचं आणि त्या आणखी एक पोळी त्यांच्या ताटात वाढायच्या.

एकदा दोघं बाजारातून परत येताना शेजारून एक जीप गेली. साहेब थबकले. ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, आणि हातातली पिशवी त्यांनी छातीशी घट्ट धरली. वहिनींना भडभडून आलं. आपण कोण यांच्या आनंदाच्या आड येणारे?

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गॅरेजमध्ये. "भाऊ, पुरे झालं. परवा बघायला जायचीय ती गाडी चांगली असली तर हो म्हणा."

"वहिनी, नीट विचार केलाय ना?"

"केलाय. भीती मला वाटते, तर शिक्षा त्यांना कशाला? मी शेजारी बसेन. जे होईल ते दोघांचं होईल."

परवाची जीप एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. जीप कसली, दागिनाच! मिस्त्रींनी ती खालून बघितली, वरून बघितली, टेकडीवर नेऊन आणली. वाटेत कुठं खट्ट वाजलं नाही. उतरल्यावर त्यांनी फडक्यानं हात पुसले, वहिनींकडे बघितलं, मग साहेबांकडे.

"नको."

"का?" वहिनींनी एकदम विचारलं.

"गिअरबॉक्सला आवाज आहे."

"मला तर कधी आला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला येतो."

"मिस्त्री म्हणतात म्हणजे असणारच. चला," साहेब म्हणाले आणि झपाझप फाटकाकडे निघाले.

डॉक्टरीणबाई गाडी आत लावायला गेल्या, तसा वहिनींनी मिस्त्रींचा रस्ता अडवला. "खोटं बोललात ना?"

"हो."

"गाडी चांगली आहे?"

"इतकी चांगली जुनी गाडी मी बऱ्याच दिवसांत बघितली नाही."

"मग? मी तुम्हाला काय सांगितलं होतं? पाहिलंत त्यांचं तोंड कसं एवढंसं झालं ते? माणूस आहात की कोण?"

मिस्त्रींनी फाटकापाशी पोचलेल्या साहेबांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे आलात ना, त्याच्या आदल्याच दिवशी साहेब येऊन गेले होते. लहान मुलासारखे रडले हो. म्हणाले, 'मिस्त्री, तिनं जीपची एवढी आस धरलीय, तिला नाही कसं म्हणू? पण मला आता नुसतं स्टिअरिंग बघितलं तरी घाम फुटतो. ती काहीही म्हणाली, तरी तुम्ही हो म्हणू नका.'"