बंदरावरचा मुक्काम

"...आणि परतीचं तिकीट खिशात होतं माझ्या!" बँडमास्तर माइकपाशी झुकून म्हणाला. सभागृहात हशा पिकला.

त्याच्या मागे अख्खा जॅझ बँड बसला होता. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, पुढे सॅक्सोफोनची रांग. देशोदेशी भटकून रचलेल्या धुनांचा त्याचा अल्बम आज प्रकाशित होत होता. प्रत्येक धून एकेका गावाची. त्यातल्या 'बंदरावरचा मुक्काम'ने लोकांना खुर्चीत बसल्या बसल्या डोलायला लावलं होतं. ती कशी सुचली, हे तो आता रंगवून सांगत होता.

"विमानतळाकडे निघालो, तर वाटेत चौकात तिथला बँड लागलेला. म्हटलं, एक गाणं ऐकू नि जाऊ. एकाची दोन झाली, दोनाची चार. विमान गेलं उडून! म्हटलं, गेलंच आहे तर राहू की आठवडाभर. तो आठवडा नसता, तर ही धून नसती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मान लववून तो सरळ झाला आणि त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली. तिथे त्याची ताई बसली होती. तिचे हात मांडीवरच होते.

तेव्हा कुठे त्याला उमगलं, आपण काय बोलून बसलो ते.

त्याच आठवड्यात बाबा गेले होते. "असशील तसा निघ," असा ताईचा दवाखान्यातून फोन आला होता. तिकीट त्यासाठीच काढलेलं. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं होतं, वादळामुळे विमानं बंद आहेत. तेव्हापासून घरी सांगायची गोष्ट वेगळी आणि बाहेर सांगायची वेगळी. दोन्ही एकाच दिवसाच्या आहेत, हे तो जवळजवळ विसरूनच गेला होता.

मध्यंतरात ताई रंगमंचामागच्या खोलीत आली. वादक एकेक करून बाहेर सटकले. त्याला वाटलं, ती आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच खुर्चीवर टेकली.

"ताई, मी..." कान तापले होते. शेवटी त्याने खालमानेनेच विचारलं, "बाबांना तू काय सांगितलं होतंस?"

"तू कळवलंस तेच. वादळ आहे म्हणून." ताईचा आवाज अगदी साधा होता. "बोलवत नव्हतं त्यांना. तरी हसले. म्हणाले, 'वादळबिदळ काही नसेल गं. चांगला बँड लागला असेल कुठेतरी. ऐकू दे त्याला.'"

त्याने मान वर केली. ताईचे डोळे भरून आले होते.

"आणि मी चिडले रे त्यांच्यावर. तसल्या अवस्थेत त्यांना बोलले. म्हटलं, बाबा, काहीतरीच काय, तो तसा नाही."