चांदीला भेटायला जाताना

रविवारी पांजरपोळात जायचं म्हणून सासूबाई सरकीची पेंड पिशवीत भरत होत्या, तेवढ्यात तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला.

"या, पण म्हशीसमोर जाऊ नका. मागच्या वेळी आजी परतल्या आणि तिनं वैरणीला तोंडच लावलं नाही. नुसती फाटकाकडे बघत उभी. म्हातारं जनावर, पुन्हा झेपायचं नाही तिला."

गोठा रस्तारुंदीत गेला, तेव्हा चांदीला आम्ही तिथं सोडलं होतं. हे आता सासूबाईंना कसं सांगायचं, म्हणून मी धुतलेला पोळपाट पुन्हा धुतला. मग सांगून टाकलं.

बराच वेळ त्या पेंडीच्या पिशवीला गाठी मारत बसल्या. मग म्हणाल्या, "तुझा एक पंजाबी ड्रेस दे मला."

"तुम्हाला?"

"मी आजारी पडले की माझं लुगडं नेसून तू तिची धार काढायचीस. फसायची ना? आता उलटं करू. तुझ्या कपड्यातल्या बाईकडं ती ढुंकूनही बघायची नाही."

आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई रविवारी सकाळी माझ्या पिवळ्या ड्रेसात अवघडून उभी राहिली. ओढणीचं काय करायचं ते कळेना. मला हसू आलं, त्यांनाही आलं.

"लांबूनच बघेन. हाक मारणार नाही."

मी ओढणी नीट करायला गेले, तर त्यांनी माझा हातच धरला.

"पण तीच मला ओळखून रेकली, तर मी काय करू गं?"