सात म्हनली ती

टेपमधली बाई चिनी भाषेत एक वाक्य बोलली आणि थांबली. करुणानं कागदावर १ लिहिला.

"सात म्हनली ती," मुंजाजी म्हणाला. त्याच्या मांडीवर उघडलेला हॉर्न होता आणि तो पॉलिश पेपरनं आतले पॉइंट घासत होता.

करुणानं बापाचं बोलणं कानाआड केलं. वारंगा फाट्यावरच्या या हॉर्न-बॅटरीच्या दुकानात ती महिन्याभरापासून रोज दुपारी येऊन बसत होती. गावात दिवसभर लाइट नसायची. इथं मुंजाजीनं एका ट्रकमधून काढलेला टेप तिला बॅटरीवर जोडून दिला होता. दिल्लीला राहून चिनी भाषेत बी.ए. झालेली पोरगी. चीनमधल्या एका विद्यापीठानं तिला एम.ए.ला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, त्यांच्या भाषेच्या परीक्षेत सहावी पातळी हवी. लिहिण्यात ती पातळी तिला मिळाली होती, वाचनातही मिळाली होती. ऐकण्याच्या पेपरात मात्र ती दोनदा राहिली. तिसरी परीक्षा बारा दिवसांवर आली होती, आणि त्यापुढं विद्यापीठ थांबणार नव्हतं.

तिनं टेप मागं घेतला. बाई पुन्हा तेच बोलली.

"सातच," मुंजाजी म्हणाला.

"बाबा, तुमाला चिनी येते का?"

"दहापर्यंत येते. महिनाभर तेच ऐकून राहिलो. एक म्हनजे यी, सात म्हनजे ची. ती ची म्हनली."

करुणानं उत्तरांचं पुस्तक उघडलं. गाडी सातला सुटत होती.

मुंजाजीनं हॉर्न खाली ठेवला, हात पुसले आणि तिचा कागद ओढून घेतला. चिनी अक्षरं त्याला कळणार नव्हती, पण आकडे सगळीकडं सारखेच. बोट धरून त्यानं ते पुस्तकाशी ताडून पाहिले. जिथं जिथं सात हवा होता, तिथं पोरीनं एक लिहिला होता. पाच ठिकाणी. एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असला तर दोष फ्यूजचा नसतो, वायर कुठंतरी गेलेली असते, एवढं त्याला धंद्यातून ठाऊक होतं.

"तुला ते ऐकूच येत न्हाई का?" त्यानं विचारलं.

करुणानं टेप बंद केला. दोन वर्षांमागं दिल्लीत कान दाखवले होते, असं तिनं सांगितलं. मोठा आवाज नीट येतो. बारीक येत नाही. स, श, च म्हणताना तोंडातून जी हवा निघते, ती तिच्या कानापर्यंत पोचतच नाही. मराठीत, हिंदीत शब्द ओळखीचे असतात म्हणून भागतं, चिनीत अडतं. त्याला इलाज नाही. लहान वयात फार मोठे आवाज कानावर पडत राहिले की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. घराजवळ गिरणी, कारखाना, असं काही होतं का, हेही त्यांनी विचारलं होतं.

"मंग तू काय सांगितलं?"

"न्हाई म्हनले."

मुंजाजी बाकड्याकडं बघत राहिला. करुणाची आई, कमलबाई, रोजानं शेतात जायची तेव्हा चार वर्षांची ही पोरगी दिवसभर या बाकड्याखाली खेळायची. हॉर्न दुरुस्त झाला की बटण दाबायचं काम तिचं. ते काम त्यानंच तिला दिलं होतं. ती दाबायची आणि खदखदून हसायची, पुन्हा दाबू का म्हणून विचारायची. तो दाब म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या दोन्ही कानांत तेव्हा कापसाचे बोळे असायचे.

"डाक्टरला खोटं काहून सांगितलं?" त्यानं विचारलं.

"खरं सांगून काय फरक पडनार होता?" करुणानं कागद परत आपल्याकडं घेतला. "आन मी ऐकायला शिकून न्हाई राहिले, बाबा. आजूबाजूच्या शब्दांवरनं काढायला शिकून राहिले. ती बाई आधी नाश्त्याचं बोलली होती. तिथं माझं ध्यान चुकलं. नाश्ता उरकून कोनी एकची गाडी धरतं का?"

तिनं १ खोडला आणि पुढचं वाक्य लावलं.

तेवढ्यात धर्मसिंग ड्रायव्हर हॉटेलातून चहा पिऊन आला. हॉर्न त्याच्याच ट्रकचा होता. मुंजाजीनं तो जागेवर बसवला, वायर जोडली. धर्मसिंगानं केबिनमध्ये चढून बटणाकडं हात नेला, तसा मुंजाजी दुसऱ्या दारानं आत आला आणि त्यानं त्याचं मनगट धरलं.

"हितं न्हाई. गाडी पुढं घे."

हॉटेल मागं पडलं, टायरवाल्याचं दुकान मागं पडलं. लिंबाच्या झाडाखाली मुंजाजीनं ट्रक थांबवायला सांगितला. हॉर्न वाजवून बघायला एवढ्या लांब कशाला आणलं, असं धर्मसिंगानं विचारलं. मुंजाजीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागं दुकानाकडं पाहिलं. बाकड्यावर करुणा वाकून लिहीत होती.

"दाब आता."

हॉर्न वाजला. करुणानं मान उचलली नाही. तिनं डावा हात वर केला, आणि लिहिता लिहिताच खूण केली, आणखी पुढं.