खड्ड्यात उरलेलं

गाठ कर्करोगाची नव्हती, साधीच होती. पण ती काढल्यावर नवऱ्याच्या कानामागे पडलेला खड्डा सर्जननं त्याच्याच पोटातल्या चरबीनं बुजवला होता. वर्षानं त्याचा एमआरआय काढायला मशीनवर बायकोच बसली. ते तिचं रोजचं काम. पडद्यावर खड्डा पांढराफटक दिसत होता. चरबी असेल तर घोर नव्हता. गाठ उरली असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत अर्धा चेहरा कायमचा लुळा पडेल, असं सर्जननं बजावलं होतं. तिनं चरबी काळी दाखवणारा स्कॅन लावला. खड्डा काळा झाला. कडेचा वाटाण्याएवढा ठिपका पांढराच राहिला. “काय गं,” मशीनमधून आवाज आला, “माझ्या डोक्यात चरबी चढलीय म्हणतेस ना? बघ, उतरली का!” तिनं माइकचं बटण दाबलं. “उतरली. सगळी उतरली.” तो खदखदून हसला. एरवी हसून हलणाऱ्यांना ती दटावायची. त्याला तिनं हसू दिलं.